दुपारी दोनची साक्ष

कचेरीत तिला सगळे पाळणाबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'पाळणाबाई'. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. तिच्या शेजारच्या टेबलावर वजनमापांची तपासणी करणारे गृहस्थ होते, त्यांना लोक पाठीमागे 'पावशेर' म्हणत. त्यामानाने पाळणा पुष्कळ बरा.

बावीस वर्षं ती शहरातल्या पाळणाघरांची तपासणी करत होती. जिन्याला फाटक आहे का, औषधांचं कपाट हाताला लागेल इतकं खाली नाही ना, किती मुलांमागे किती आया, खिडकीला जाळी आहे का, असा चाळीस प्रश्नांचा छापील तक्ता असे. त्यावर खुणा करायच्या, त्रुटी सापडली तर त्रुटीच्या रकान्यात लिहायची, अगदी खाली शेऱ्याची एक ओळ, मग सही. अगोदर न कळवता जायचं, एवढा एकच तिच्या हातातला अधिकार. ना दंड करण्याचा, ना कुलूप लावण्याचा.

ती दुपारी दोनला जायची. कोपऱ्यावर रिक्षा सोडायची म्हणजे आवाज नको. दारात चपला काढून हातात घ्यायची. तेव्हा सगळं पाळणाघर झोपलेलं असायचं. पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, ओळीने गाद्या, आणि दुधाचा आणि पावडरीचा तो मऊ वास. ती एकेका गादीशी वाकायची आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. तक्त्यात असा प्रश्न नव्हता. पण ज्या बाईने एकदा मूल वाढवलंय तिला हे बोट कोणी शिकवावं लागत नाही. स्वतःची लेक तान्ही असताना ती दिवसातून वीस वेळा असं करायची आणि घरातले हसायचे. लेक मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. बोट तसंच राहिलं.

पण दोनची वेळ काही तिने अक्कलहुशारीने निवडलेली नव्हती. पहिली तेरा वर्षं ती सकाळी अकराला जात होती. कारण साधं होतं. कचेरीची गाडी एकच, आणि बारानंतर ती साहेबांच्या बैठकांना लागायची. त्यामुळे तपासणी अकराला. अकरा वाजता जगातलं कुठलंही पाळणाघर छानच असतं. मुलं न्हाऊनमाखून बसलेली, ठोकळ्यांचे मनोरे चाललेले, आया तिघी तिथेच. तेरा वर्षं तिने मनापासून 'समाधानकारक' लिहिलं.

मग नऊ वर्षांपूर्वी एकदा वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं, आणि बदलीचं चाक काढून बघतात तर तेही बसलेलं. पोचायला दोन वाजून दहा मिनिटं झाली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चौदा बाळं झोपलेली आणि मोठं माणूस एकही नाही. मागच्या मोरीतून बाटल्या विसळल्याचा आवाज येत होता. कोपऱ्यातल्या गादीवर पाच महिन्यांचं एक बाळ पालथं पडलेलं, आणि त्याचं तोंड मऊ उशीत पार रुतलेलं.

तिने ते उचललं. ओठ जांभळट दिसत होते. तिने त्याला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली, आणि काय करतेय हे कळायच्या आत मोठ्याने आकडे मोजू लागली. सातला बाळाने श्वास ओढला आणि टाहो फोडला. त्या टाहोने बाकीची तेरा उठली. आया ओल्या हातांनी धावत आली आणि तिच्याकडे बघून जागीच बसली.

"बाई, लिहू नका हो," ती म्हणाली. "दुसऱ्या दोघी दुपारी घरी जातात. मी एकटीच असते. बाटल्या चारच्या आत धुवून झाल्या नाहीत तर मालकीण बोलते. तुम्ही लिहिलंत तर ती आजच काढेल मला. बाटल्या तशाच राहतील आणि दुसरी कुणीतरी येऊन त्या धुवेल."

शेवटचं वाक्य खरं होतं. पाळणाबाईने तक्ता मांडीवर घेतला. त्रुटीच्या रकान्यात काही लिहिलं तर ही बाई जाणार. तिने तो रकाना कोरा ठेवला, खाली शेऱ्यात दोन शब्द लिहिले, 'सूचना दिली', आणि मग खरोखरच सूचना दिली. चौदा पोरं रडत असताना तासभर बसली. बाळ उताणं ठेवायचं. उशी नको, कसलीच नको. पांघरूण छातीपर्यंत. मोरीत जायचं तर आधी कुणाला तरी दारात बसवायचं. मालकिणीलाही बोलावून तेच सांगितलं, कोणाचं नाव न घेता. पुढच्या वेळी ती दोनला मुद्दाम गेली. तिथे एकही उशी नव्हती.

म्हणजे युक्ती लागू पडली होती, आणि हीच तर पंचाईत झाली. कारण मग ती सगळीकडेच दोनला जाऊ लागली, स्वतःच्या खर्चाने रिक्षाने, आणि जिथे जिथे उशी दिसली, नाकावर आलेलं पांघरूण दिसलं, एकटी आया दिसली, तिथे तिथे बाळ सरळ करून, आयाला समजावून, खाली लिहिलं, 'सूचना दिली'. मागून आलेल्या दोन तरुण तपासनीस तिच्याच हाताखाली शिकल्या. त्यांनीही तेच उचललं. वर्षाअखेर साहेब बेरीज करायचे. त्रुटींचा रकाना: शून्य. शेऱ्यांची बेरीज कोण करतो?

आणि एके दिवशी ते विधेयक आलं.

कचेरीत त्याची प्रत सगळ्यांत आधी पावशेरांनी वाचली, कारण त्यांना दुसऱ्यांच्या टेबलावरचे कागद वाचायची सवय होती. "पाळणाबाई, तुमची गाडी बंद!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तोंडावर ते नाव घेतल्याचं लक्षात येऊन खोकले.

विधेयक वाईट हेतूचं नव्हतं, हे तिला मान्य करावं लागलं. विधानसभेतल्या एका तरुण सदस्येने ते मांडलं होतं. चार-सहा मुलं सांभाळून घर चालवणाऱ्या बायकांचा कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, परवाना एका अर्जात मिळावा, हे सगळं तिच्याही मनातलंच होतं. घोळ होता चौथ्या कलमात. अगोदर न कळवता तपासणी करायची पद्धत रद्द. त्याऐवजी मालकिणीने वर्षातून एकदा स्वतःच लिहून द्यायचं की सर्व ठीक आहे. आणि कारण म्हणून खाली छापलं होतं: 'खात्याच्या अहवालांनुसार गेल्या नऊ वर्षांत तपासणीत एकही गंभीर त्रुटी आढळलेली नाही.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. ज्या शून्याच्या जोरावर दोनचं दार बंद होणार होतं, ते शून्य तिच्याच हातचं होतं.

साहेबांनी बोलावलं. साहेब भला माणूस, पण फाइलच्या बाहेर पाऊल पडलं की त्यांना ठेच लागायची.

"बाई, पुढच्या मंगळवारी विधेयकावर समितीपुढे सुनावणी आहे. तुम्ही माझ्याबरोबर यायचं. मागच्या रांगेत बसायचं, अहवाल घेऊन. विचारलं तर आकडा सांगायचा. बाकी तोंडात गुळणी."

"साहेब, चौथं कलम..."

"कलम कसंही असो. आपण मत द्यायचं नाही. परिपत्रक आहे." साहेबांनी खण उघडून ते दाखवलंसुद्धा. "का आहे माहीत आहे? माझ्या आधीच्या आधीचे साहेब. त्यांना बोलायची फार हौस. समितीपुढे अशी काही साक्ष दिली की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. कायदा झाला, खात्याला चाळीस जागा मिळाल्या, तीन गाड्या मिळाल्या. आणि तपासण्या? होत्या तेवढ्याच. तुम्ही ज्या गाडीला शिव्या घालता ना, ती त्या साक्षीतून आलेली, तिन्हींतली उरलेली एक."

"तरीच तिची चाकं अशी."

साहेब हसले नाहीत. "लोकांच्या पैशावर बसलेल्या खात्याने कायदे करणाऱ्यांना जाऊन आपलंच कौतुक सांगायचं, आपल्याच जागा मागायच्या, हे बरं दिसतं का? निवडून कोण आलंय? ते. आपण पाळायचे कायदे. करायचे त्यांनी."

तिला यातलं काहीच खोडता येईना. तिलाही ते पटत होतं. "पण साहेब, आपल्याला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही. ते आपण सांगायचं नाही, तर मग कोणी सांगायचं?"

"विचारलं तर सांगू. आकडा तुमचाच आहे ना?"

"माझाच."

"बरोबर आहे ना?"

"बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुन्हा फाइलमध्ये पाहू लागले. ती उभी राहिली, मग बाहेर आली. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सरकारी अहवालात त्रुटी दिसत असून लिहिली नाही, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर चौकशी लागणार, निवृत्तिवेतन अडकणार, आणि बावीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकाला डाग लागणार. नाही सांगितलं तर मंगळवारी एक हो म्हणायचं आणि घरी यायचं. इतकं सोपं.

त्या दिवसांत तिची लेक बाळंतपणाची रजा घेऊन माहेरीच होती. नात पाच महिन्यांची. रजा संपत आली होती आणि लेकीचं पाळणाघर शोधणं चाललं होतं. संध्याकाळी पाळणाबाई घरी पोचली तेव्हा लेक मांडीवर बाळ आणि हातात फोन घेऊन खुशीत बसलेली.

"आई, ठरलं! बागेमागचं ते. खात्याच्या पानावर सगळे अहवाल आहेत की तुमचे. मी एकूण अकरा पाळणाघरांचे वाचले. या घराच्या नऊ वर्षांत त्रुटी शून्य. आणि खाली कोणाची सही आहे, सांग बघू? मग मी दुसरं काही बघितलंच नाही."

पाळणाबाई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. बागेमागचं घर. एकदा उशी. एकदा आया गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली. गेल्या वर्षी दोन गाद्यांच्या फटीत अडकलेलं बाळ.

"काय झालं? तोंड असं का उतरलं?"

समितीतल्या लोकांना फसवणं तिला कदाचित जमलंही असतं. ते लांबचे, टेबलापलीकडचे. पण तेच शून्य वाचून तिची लेक तिची नात तिथे ठेवणार होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ आता गेली होती. तिने सांगितलं. उशीपासून सगळं, क्रमाने, लेकीच्या डोळ्यांत न बघता.

लेकीने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या घरात किती वेळा?"

"तीन."

"सगळीकडे मिळून?"

"माझ्या एकटीच्या हातचे एकशे ब्याण्णव."

"आणि तू लिहिलं नाहीस."

"लिहिलं असतं तर त्या बायका..."

"आई, मला कळतं गं त्या बायकांचं. पण मी इथे बसून शून्य वाचत होते. माझ्यासारख्या किती जणी वाचत असतील? त्यांच्या घरात तू नाहीस ना सांगायला." आणि तिने बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाळणाबाईचा नवरा इतका वेळ खिडकीपाशी बसून ऐकत होता. टपाल खात्यात जन्म घालवलेला माणूस. त्याच्या मते जगातले निम्मे घोटाळे चुकीच्या पत्त्यामुळे होतात.

"अगं, म्हणजे तू नऊ वर्षं पत्रं लिहिलीस," तो म्हणाला, "पाकिटात घातलीस, नीट चिकटवलीस, आणि पत्ताच घातला नाहीस."

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"थट्टा नाही. तशी पत्रं आमच्याकडे पोत्यांनी यायची. फेकता येत नाहीत आणि पोचवता येत नाहीत. मंगळवारी पत्ता घाल, एवढंच म्हणतोय. मग पोचो न पोचो."

मंगळवारी सुनावणीच्या खोलीबाहेर एका टेबलावर नोंदवही होती. येणाऱ्याने नाव लिहायचं आणि तीनपैकी एका रकान्यात खूण करायची: पाठिंबा, विरोध, माहितीपुरते. साहेबांनी दोघांची नावं लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात, नेहमीसारखी, दोन सुबक खुणा केल्या.

आत घोड्याच्या नालासारखं टेबल, मधे अध्यक्ष. आधी एक पाळणाघरवाली बोलली. म्हातारी, ठसकेबाज. "परवान्याच्या तपासणीला येतात आणि आगीसाठीची वाळूची बादली लाल का नाही म्हणतात! दोनदा रंगवली. तिसऱ्यांदा म्हणाले, छटा चुकली. मी पोरं सांभाळू की बादल्या?" सगळे हसले, पाळणाबाईही हसली. ती बादली परवान्याच्या टेबलावर कोणी अडवली होती ते तिला माहीत होतं, आणि म्हातारीचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग विधेयक मांडणाऱ्या सदस्येने विचारलं, "खात्याकडून कोणी आहे का? नऊ वर्षांत एकही त्रुटी नाही, हा आकडा बरोबर आहे ना?"

साहेब उठले. "होय. खात्याच्या अहवालांवरूनच घेतलेला आहे."

"अहवाल कोणी केलेत?"

साहेबांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "बहुतेक या बाईंनी."

"मग त्यांनीच सांगावं."

तिला पुढे बोलावलं. ध्वनिक्षेपकाचं बटण कुठे ते तिला सापडेना. एका शिपायाने पुढे होऊन ते दाबलं आणि लाल दिवा लागला.

"आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. मागे साहेबांनी श्वास सोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. "पण तो शून्य कसा झाला, ते सांगू का?"

एक ज्येष्ठ सदस्य लगेच म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे. खातं माहितीपुरतं आलेलं आहे. उद्या प्रत्येक खातं इथे येऊन आपापली खुर्ची वाचवायला लागेल."

"माझी खुर्ची चौदा महिन्यांची आहे साहेब," ती म्हणाली. "वाचवून वाचवून किती वाचवणार?"

हशा पिकला. अध्यक्षांनी पेन्सिल टेबलावर टेकवली. "बाई, तुम्ही मत देणार आहात की माहिती?"

"माहिती. माझ्या चुकीची."

मग कोणी हसलं नाही. तिने सांगितलं. अकराची वेळ, पंक्चर, चौदा बाळं आणि एक आया. सातपर्यंत मोजलं तेही. 'सूचना दिली' या शब्दांखाली काय काय दडलंय ते. अहवालांचा गठ्ठा तिने टेबलावर ठेवला. तीन दिवस बसून तिने प्रत्येक शेऱ्यापाशी कागदाची पट्टी लावली होती, त्यामुळे गठ्ठ्याला जणू दाढी फुटली होती.

तरुण सदस्येचा चेहरा कडक झाला होता. "त्या आयांची नावं?"

"ती नाही सांगणार. त्यांनी ऐकलं आणि सुधारलं. लिहायचं मी राहिले. नाव लिहायचं तर माझं लिहा."

"म्हणजे तुमच्या खात्याचा माझ्या विधेयकाला विरोध आहे."

"नाही हो. विरोध करणारी मी कोण? त्यातलं निम्मं तर मलाच हवंय. त्या बादलीचं तर नक्कीच." म्हातारी मागे 'हं' करून हुंकारली. "कायदा तुम्ही करायचा. तुम्ही म्हणाल तसा आम्ही पाळू. पण तुम्ही तो माझ्या शून्यावर करताय, आणि ते शून्य असं आहे, एवढंच."

"मालकिणींनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून दिलं तर काय बिघडेल? सगळ्या काय खोटारड्या आहेत?"

"एकही नाही," ती म्हणाली. "त्या सकाळी अकराला लिहितील आणि अकराला सगळं खरंच चांगलं असतं. तेरा वर्षं मीही अकराला जाऊन लिहिलं. खोटं मीही लिहिलं नव्हतं."

सदस्येने समोरचा कागद उलटा ठेवला. मग तिने हलकेच विचारलं, आणि या वेळी आवाज निराळा होता, "ते पाच महिन्यांचं बाळ... ते नंतर ठीक होतं?"

"चार वर्षांचं होईपर्यंत तिथेच होतं. फार द्वाड. मला चावायचं."

परतताना गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत होते. कचेरी जवळ आल्यावर म्हणाले, "मला आधी विचारायला हवं होतंत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो. परिपत्रक आहे." आणि पुढे दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. एकशे ब्याण्णव प्रसंगी त्रुटी का नोंदवली नाही, सात दिवसांत खुलासा करावा. तिने खुलासा लिहिला, अर्ध्या पानाचा. सबब सांगितली नाही. तो घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी वाचला, खाली ठेवला, एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहू लागले. लिहून झाल्यावर तिच्याकडे सरकवला. त्यात एवढंच होतं की या सर्व अहवालांवर तपासनीसाच्या सहीखाली माझी सही आहे, 'सूचना दिली' म्हणजे कोणती सूचना, हे मी एकदाही विचारलं नाही, सबब खुलासा माझ्याकडूनही घेण्यात यावा.

"साहेब, हे कशाला?"

"माहितीपुरते," साहेब म्हणाले आणि टाचणी शोधू लागले.

तिला ताकीद मिळाली. पुस्तकाला डाग लागला तो लागलाच. निवृत्तिवेतन मात्र अडकलं नाही. साहेबांचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, फक्त बैठकांची संख्या कमी झाली आणि गाडी दुपारी मोकळी राहू लागली. विधेयक समितीने दीड महिना अडकवून ठेवलं आणि मग दुरुस्त्यांसह पुढे धाडलं. कागदांसाठी मालकिणींचं लिहून देणं पुरे. बादलीला रंगाची अट नाही. पण दोन वर्षांखालची बाळं असतील तिथे झोपेच्या वेळी, न कळवता, तपासणी होणार. आणि जे दिसेल ते त्रुटीच्या रकान्यात लिहायचं, मात्र पहिल्या त्रुटीसाठी कुणाही आयाला कामावरून काढता येणार नाही. ही शेवटची ओळ त्या तरुण सदस्येने स्वतः घातली होती.

लेकीचा अबोला इतका सरळ सुटला नाही. ती बोलायची, पण बाळाच्या आडून. "आजीला सांग, भात झालाय." एका सकाळी मात्र ती तयार होऊन समोर उभी राहिली, बाळ कडेवर.

"मी बागेमागच्या घरातच ठेवतेय हिला."

"अगं, तिथे तर..."

"तिथे काय काय चुकतं ते मला आता माहीत आहे. बाकी दहा घरांचं मला अजून शून्यच माहीत आहे. काल जाऊन मी तिथल्या आयाशी, मावशींशी बोलले. उशी, गच्ची, फट, तिन्ही विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या आईने." मग म्हणाली, "उशिराने सांगितलं, पण सांगितलं."

पाळणाबाईने बाळाचं टोपडं सरळ केलं. ते सरळच होतं.

बागेमागच्या घराची तपासणी तिला आता करता येणार नव्हती. स्वतःची नात असलेल्या ठिकाणी सही करायची नाही, हा नियम तिने आपणहून लेखी मागून घेतला आणि ते घर धाकट्या तपासनीस मुलीकडे दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा शहरात असं एक दार झालं, जिथे दुपारी दोनला तिला आत जाता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात रोज दोनच्या सुमाराला ती कचेरीत उगाच उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. पावशेर म्हणाले, "बाई, तुमचं पाणी मोजायला घेऊ का?"

दुसऱ्या आठवड्यात धाकटी तपासून आली आणि अहवाल तिच्या टेबलावर ठेवून गेली. पाळणाबाईने चष्मा लावला. त्रुटीच्या रकान्यात गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: 'एक. तिसऱ्या गादीवरील बाळाचे पांघरूण नाकापर्यंत आलेले. बाजूस केले. श्वास व्यवस्थित. आया हजर होत्या, त्यांना दाखवले.'

तिने पुन्हा वाचलं. मग उठून धाकटीच्या टेबलाशी गेली.

"तिसरी गादी कोणाची?"

धाकटीने मान वर केली. तिला सगळं ठाऊक होतं. कोणाची नात, कोणतं घर. तिचे ओठ हलले, पण ती म्हणाली, "बाई, मुलांची नावं अहवालात घालायची नाहीत. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय खरं."

"सगळी बाळं ठीक आहेत, बाई. सगळ्यांच्या नाकाखाली बोट धरलं मी."

पाळणाबाई परत येऊन बसली. फोन उचलला आणि खाली ठेवला. एवढ्यात ते पान जगासमोर जाईल. लेक वाचेल, त्या घरात बाळ ठेवणाऱ्या दहा-बारा जणी वाचतील, आणि प्रत्येकीला वाटेल, तिसरी गादी माझ्याच बाळाची असेल का? वाटू दे. संध्याकाळी प्रत्येकजण पांघरुणाचं विचारेल.

तिने शेवटची ओळ बोटाने हलकेच दाबली, जणू ती ओली असावी, आणि स्वतः सही न करता अहवाल साहेबांच्या सहीसाठी पाठवला.